बर्फावरचं मीठ

इथे आखातात, अल बर्शातल्या घरी आज फ्रीजरमधला बर्फ सुटेना, म्हणून त्यावर मीठ टाकलं. तो चुरचुरला आणि मला अम्मी आठवली.

माझा मोठा भाऊ साजिदभाई इथल्या आइस हॉकी लीगमध्ये गोलकीपर होता. त्याच्या शेवटच्या सामन्याला आम्ही सगळे गेलो होतो; खेळाडू उरले नव्हते, त्यामुळे त्यानंतर लीग बंद होणार होती. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत आम्ही स्वेटर घालून कुडकुडत होतो. मध्यंतरानंतर भाई बर्फावर उतरणार, तेवढ्यात अम्मी धावली. रत्नागिरीच्या सवयीने तिने त्याच्या हेल्मेटवरून मूठभर मीठ उतरवलं आणि तिथेच बर्फावर फेकलं.

थोड्याच वेळात तिथला बर्फ पाघळून खड्डा पडला. रेफ्रीने खेळ थांबवला.

"अम्मी, व्हॉट डिड यू डू?" भाई ओरडला.

"नजरेचं मीठ घरी परत नेत नाहीत रे! इथे चूल कुठे आहे?"

खड्ड्यात पाणी ओतलं. ते गोठेपर्यंत दोन्ही टीम अम्मीच्या थर्मासमधला चहा पीत बसल्या. मी लाजेने स्वेटरमध्ये तोंड लपवलं होतं.

आता वाटतं, खलास व्हायला निघालेली ती लीग अम्मीच्या मुठीमुळे अर्धा तास जास्त जगली.