काकवीतला सूर्य

दर्यामामा भर दुपारी अंगणात परात मांडायचे, तिच्यात काकवी ओतायचे आणि मुंग्या लागायच्या आत सूर्य मोजून मोकळे व्हायचे. समुद्रावर कोन मोजायला क्षितिज असतं. आमच्या तेरला चहूकडं घरं, बाभळी आणि ऊस. म्हणून आकाशातला सूर्य आणि काकवीतलं त्याचं प्रतिबिंब सेक्स्टंटच्या, म्हणजे खलाशांच्या कोन मोजायच्या यंत्राच्या, आरशातून एकमेकांना टेकवायचे. आलेल्या कोनाचं निम्मं म्हणजे सूर्याची उंची. "पाणी वाऱ्यानं हालतंय, काकवी हालत न्हाय," हे त्यांनी गुऱ्हाळवाल्यालासुद्धा पटवलं होतं.

हे माझे सख्खे मामा. उभी हयात मालवाहू जहाजांवर काढली आणि निवृत्त होऊन गावी आले. मोजणी दिवाळी ते संक्रांत चालायची, कारण पुढं सूर्य इतका वर चढतो की यंत्राचं माप पुरत नाही. मग उन्हाळाभर मामा चिडचिड करत. मामी होत्या तोवर त्या म्हणायच्या, "सूर्य रुसला की आमच्यावर राग."

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळं पुढची आकडेमोड माझ्याकडं आली. मामा कोन आपल्या वहीत लिहीत. संध्याकाळी मी खलाशांचं पंचांग उघडून माझ्या वहीत गणित करी. त्यातून कळायचं ते एवढंच, की आपण उत्तर-दक्षिण कुठल्या अक्षांशाच्या रेषेवर आहोत. पहिल्याच दिवशी मी वजाबाकीच्या जागी बेरीज केली. मामांनी उत्तर ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "बर्फात नेलंस गं. मफलर आण." मग गंभीर झाले. "चुकलं तरी आलेलाच आकडा लिहायचा, बाई. पायजे तो न्हाय."

मागच्या हिवाळ्यात आकडे बिघडले. एक दिवस आम्ही उत्तरेला, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या रेषेवर, दुसऱ्या दिवशी थेट दक्षिणेला तुळजापूरच्या. मी गणित तीनतीनदा तपासलं. चूक माझी नव्हती. पुण्याहून मामांचा मुलगा फोनवर डोळे तपासायला सांगून थकला होता. मामांनी त्याला अट घातली, "घर सलग आठ दिवस पाच मैलांच्या आत सापडंना झालं, की येतो डॉक्टरकडं."

तुळजापूरचा आकडा ऐकल्यावर मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी मी त्यांचा कोन माझ्या वहीत थोडा बदलला आणि उत्तर तेरला आणलं. मामा खुलले. मुलाला म्हणाले, "डोळ्याला काय धाड भरलीय? घर बरोबर सापडतंय." मग मी रोजच बदलत गेले. संक्रांतीपर्यंत. माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती, कोण जाणे.

संक्रांतीनंतर मामा अंगणात तशाच पडलेल्या त्या परातीलाच अडखळून पडले, तेव्हा त्यांना धाराशिवला नेलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आधी आला असता तर बरंच वाचलं असतं. गेलेली नजर परत येत नाही."

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. मामा रागावले नाहीत. त्यांनी स्वतःची वही माझ्या हातात दिली. "आता खरं गणित कर. सगळ्या दिवसांचं." मी मोठ्यानं उत्तरं वाचत गेले. दर आठवड्याला घर आणखी लांब जात होतं. माझा आवाज बसला, तरी त्यांनी थांबू दिलं नाही. शेवटी म्हणाले, "डोळा रोज सांगत व्हता की. तू त्याला सांगू दिलं न्हाईस."

मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना त्यांनी नेहमीसारखा माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, बरं झालं असतं दोन शिव्या दिल्या असत्या तर.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. शाळेचं विचारतात, नदीला पाणी आहे का विचारतात, माझ्या गुडघ्याचं विचारतात. मी सांगते, आणि प्रत्येक उत्तरानंतर ते म्हणतात, "खरं ना गं?"