बैल किती होते तुमच्याकडं

स्वतःची ओळख कशी करून द्यावी, हे मी शहापुरात एका जिन्याच्या चौथ्या पायरीवर शिकले. पाचवीवर मालकीणबाई बसल्या होत्या. मी खोली बघायला गेले होते आणि त्या मला बघत होत्या.

शहापूरच्या एका लॅबमध्ये मला रक्त तपासायची नोकरी लागली होती. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं सकाळी सातलाच दारात उभी असतात. आमचं गाव मुरबाडच्याही पलीकडं, वैशाखऱ्याजवळ. पहिली एसटी धरून मुरबाड, तिथून दुसरी धरून शहापूर, असं करत मी पोचायची तोवर ती माणसं माझ्या नावानं बोटं मोडत असायची. लॅबच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, महिन्याभरात इथं खोली बघ, नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो.

त्याआधी तीन खोल्या बघून झाल्या होत्या. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. म्हणून मालकिणी घराची दिशा विचारतात. "गावात घर कुठंशी गो तुमचं? देवळाजवळ?" मी म्हणायची, नाही, पार कडेला. झालं! खोली नेमकी कालच गेलेली असायची. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र पुढच्या आठवड्यातही तिथंच लटकत असायची. रक्ताचे गट चार, आणि ते ओळखायला दोन-चार थेंब पुरतात. ह्या बायकांना पाचवा गट हवा असतो आणि त्याला एक थेंबही लागत नाही.

म्हणून चौथ्या वेळी मी ठरवलं, त्यांना विचारायला उसंतच द्यायची नाही. आपणच बोलत सुटायचं. शिक्षण सांगितलं. पुढं काय करायचंय तेही सांगितलं: मुरबाडला स्वतःची लॅब, बाहेर माझ्या नावाची पाटी. मग छंद काढले. माझे छंद कुणाच्या फॉर्मात बसणारे नाहीत. मला शब्दकोडी सोडवायला आवडतात. शिट्टीवर मी अख्खं गाणं वाजवते. बंद पडलेला मिक्सर दिसला की माझे हात शिवशिवतात. आणि म्हशाच्या जत्रेतल्या गुरांच्या बाजारात बैलाचे दात बघून मी त्याचं वय सांगते, दलालसुद्धा मान डोलावतात.

"अगो बाय! बैलातलं कळतं तुला?" मालकीणबाई सावरून बसल्या. "मग तुमच्याकडं बैल किती?"

"आता नाहीत," मी म्हटलं.

खोटं एक अक्षर बोलले नाही बरं का. आता नव्हतेच. आधीही नव्हते, पण तसं कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी मनातल्या मनात आम्हाला दोन-तीन बैलजोड्या, भाताची खाचरं आणि देवळाजवळचं घर देऊन टाकलं. एवढी जमीन आमच्या चार पिढ्यांना कुणी दिली नव्हती. वरून खोलीची किल्लीही दिली. "भितीला खिळं ठोकायचं नाय, तेवढं सांभाळ," म्हणाल्या. त्यांचा मिक्सर मी त्याच दिवशी उघडून सुरू करून दिला. मग काय, मी घरचीच! "काकी म्हण मला," म्हणाल्या. वाटलेल्या चटणीची वाटी रोज वर यायला लागली.

निघताना आईनं माझ्या पेटीत आमच्या साहेबांचा फोटो ठेवला होता, निळ्या कोटातला. स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. तो मी दोन महिने पेटीतच ठेवला, तोंड खाली करून. रोज ड्रेस काढताना हाताला चौकट लागायची. खिळा ठोकायचा नाही ना, मी स्वतःला सांगायची. नियम म्हणजे नियम. लाज वाटायची, पण सातची ड्युटी मोठी वाटायची.

मग एका रविवारी आई आली. तांदळाची पिशवी खाली ठेवली, चारी भिंती बघितल्या आणि विचारलं, "साहेब कुठं गो?"

"इथं खिळा ठोकू देत नाय, आई."

आईनं भिंतीकडं बोट केलं. तिथं आधीच्या भाडेकरूनं मारलेला एक खिळा होता आणि त्याला मी औषधवाल्याचं कॅलेंडर लावलं होतं.

"म्हंजे तारखेला जागा हाय," आई म्हणाली.

ती ओरडली असती तर मी भांडले असते. ती तांदळातले खडे वेचायला बसली. मी कॅलेंडर काढलं, पेटी उघडली, फोटो ओढणीनं पुसला आणि लावला.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. आई आली म्हणून खास, दोन कप, बिस्किटं. त्यांनी फोटो बघितला. मग आईकडं बघितलं. शेवटची आशा म्हणून असेल, पण विचारलं, "बैल किती होते तुमच्याकडं?"

"बैल?" आई हसली. "आमी लोकांच्या बैलांमागं चाललो, बाय. उभा जन्म."

काकी दारातच उभ्या राहिल्या. आम्ही चहा प्यालो. मी कप विसळून द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहूंदे गो. कप तुमच्याकडंच ठेवा." आईनं ते कप माझ्या हातातून घेतले आणि फळीवर पालथे घातले.

दोन दिवसांनी कळलं की काकींचा पुतण्या शिकायला यायचाय, त्याला खोली लागणार. महिनाअखेर खाली कर. जिना उतरताना मागून हाक आली, "मिक्सर परत बंद पडला गो. जायच्या आदी बघशील ना?" माझा हात फिरलेल्या मिक्सरातली चटणी चालत होती, ओठ लागलेला कप चालत नव्हता. मी मिक्सर उघडला. मोटरमधले कार्बन झिजले होते. ते काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, "काकी, दुकानात दाखवा. माझी दिशा वेगळी."

पुढची खोली बघायला मी हातोडी पर्समध्ये घालून गेले. मालकीण जिन्यावरच भेटली. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "भिंतीला एक खिळा ठोकणार आहे. कुणाचा फोटो लावायचाय तेही सांगते." सांगितलं. खोली कालच गेली होती. त्याच्या पुढचीही गेली होती. त्याच्या पुढच्या घरातली म्हातारी म्हणाली, "ठोक की. पण भित कच्ची हाय, हळू मार."

काकींनी परत न घेतलेले ते दोन कप मी त्याच दिवशी तिथल्या फळीवर मांडले, उताणे.