गुरुजींच्या जागेवर श्यामकली

कुकरीटोल्याच्या शाळेत ताम्रकार गुरुजी वर्षातून दोनदा उगवायचे, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. झेंडा वर गेला की मोटारसायकलला किक मारून परत अमरघाटला, आपल्या पत्र्या-सिमेंटच्या दुकानात. बाकीचे सगळे दिवस त्यांच्या जागी श्यामकली परस्ते शिकवायची. वर्ग पाच, खोल्या दोन, शिकवणारी एक. सरकार गुरुजींना महिन्याला बावन्न हजार द्यायचं, गुरुजी त्यातले तीन हजार श्यामकलीला द्यायचे. तेही असे, की गिऱ्हाइकांना वाटावं, शेटजी दानधर्म करतायत.

असलं भाड्याचं शिकवणं आमच्याकडे कुणाला नवं नाही. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, श्यामकली हजेरीपुस्तक पिशवीत घालून जीपनं अमरघाट गाठायची आणि गुरुजी खिळे तोलता तोलता आठवडाभराच्या सह्या ठोकायचे. आठ वर्षं हेच चाललं होतं. शिक्षण खात्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं असं म्हणणाऱ्याला मी कोपरापासून हात जोडतो.

श्यामकली हे सगळं गिळत होती ते एका कागदासाठी. रिकाम्या जागांवर सरकार दर वर्षी अतिथी शिक्षक घेतं. दहा हजार पगार, जुलै ते एप्रिल, आणि कायमचा माणूस बदलून आला की त्याच दिवशी घरी. नोकरी म्हणायची तर तीही अधांतरीच. पण कागदावर आपलं नाव असतं. निवड गुणांच्या यादीनं होते, आणि शिकवल्याच्या प्रत्येक वर्षाचे गुण मिळतात. श्यामकलीचं डी.एड. झालेलं होतं, आठ वर्षं शिकवलेलं होतं. फक्त शिकवलं, हे लिहून देणारं कुणी नव्हतं.

जूनमध्ये शेजारच्या डोंगरियात जागा निघाली, तशी ती दुकानात गेली.

"गुरुजी, अनुभवाचा दाखला हवा होता. दोनच ओळी."

"कसला अनुभव?" गुरुजी गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले.

"शिकवल्याचा."

"कुकरीटोल्यात शिकवतो कोण? मी. पुस्तकात सही कुणाची? माझी. मग तू तिथे काय करत होतीस गं, आठ वर्षं?" दुकानातले चारपाच जण हसले. गुरुजींना चेव आला. "घरी बसून मोहाची फुलं वेचली असतीस. तुला सावलीत बसवलं, खुर्ची दिली, दीदी म्हणायला पोरं दिली. आता दाखला पण हवा! पुस्तक ठेव इथं आणि पुढच्या मंगळवारी लवकर ये, मला लग्नाला जायचंय."

डोंगरियाच्या यादीत श्यामकली चौथी आली. अनुभवाच्या रकान्यात शून्य. ज्या पोरीला जागा मिळाली तिला म्हणे तीन वर्षांचे गुण होते. श्यामकलीनं त्या रात्री पेजेला हात लावला नाही.

"शाप दे आणि मोकळी हो," आई म्हणाली.

"शापानं त्याचं काय बिघडणार, आई? मला त्याचं बिघडलेलं बघायचंय."

आणि गंमत बघा, संधी गुरुजींनीच घरी आणून दिली. ऑगस्टमध्ये मुलांची वाचनाची आणि गणिताची तपासणी झाली, त्यात कुकरीटोल्याची पोरं साऱ्या तालुक्यात वरचढ निघाली. उत्तम शिक्षक म्हणून जिल्ह्याकडे नाव गेलं ते अर्थातच ताम्रकार गुरुजींचं. गुरुवारी तीन जणांची समिती त्यांचा पाठ बघायला येणार होती. सोमवारी गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा श्यामकलीच्या अंगणात आले, हातात खव्याच्या जलेबीचा डबा.

"हे बघ श्यामा," गुरुजी खाटेवर टेकत म्हणाले. आठ वर्षांत ते कधी 'श्यामा' म्हणाले नव्हते. "मला पोरांची नावं येत नाहीत. तू असं कर, त्यांना हजेरीच्या क्रमानं बसव. आधी मुलगे, मग मुली, पुस्तकात आहेत तसे. आणि क्रमानं नावं एका कागदावर उतरवून दे. दोन दिवसांत पाठ करतो. म्हणजे नावानं हाक मारून प्रश्न विचारता येतील, समितीच्या मॅडमवर छाप पडेल."

"आणि माझा दाखला?"

"बक्षीस मिळू दे, मग बघू. आणि ऐक, गुरुवारी तू शाळेच्या आसपास दिसायचं नाहीस. कुणी विचारलं तर तू रानात गेलीस."

गुरुजी गेल्यावर आईनं डबा उघडला. "जलेबी खाऊन घे आधी, शिव्या नंतर दे. चांगली आहे."

श्यामकलीनं हजेरीपुस्तक पुढ्यात घेतलं आणि नावं उतरवायला बसली. चौदाव्या नावावर तिचा हात थांबला. फागूराम मरावी. दोन वर्षांपूर्वी श्रावणात फागू तापानं गेला होता. त्याला मातीत ठेवून आल्यावर मंगळवारी तिनं गुरुजींना सांगितलं होतं, नाव काढा. गुरुजी म्हणाले होते, "काढायचं कशाला? जेवणाचं धान्य एक्केचाळीस पोरांचं येतं, चाळिसांचं कशाला करू?" फागूपुढे हजर लिहायला तिनं साफ नकार दिला. तेव्हापासून ती चौदावी ओळ गुरुजी स्वतःच, नावही न वाचता, आपल्या हातानं, निळ्या शाईनं भरत होते. तिला त्यांचा खरा द्वेष वाटू लागला तो पैशापायी नव्हे, त्या निळ्या शाईपायी.

गुरुजींनी पुस्तकात आहेत तसेच म्हटलं होतं. तिनं पुस्तकात होती तशीच नावं उतरवली. सगळी एक्केचाळीस.

गुरुवारी सकाळी तिनं मुलांना क्रमानं बसवलं. खोटं बोला असं एकालाही सांगितलं नाही, तसलं ती शिकवत नसे. फक्त म्हणाली, "गुरुजी विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं." मग मागच्या स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन मसूर निवडत बसली. मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आल्या आल्या त्यांनी बुधवारची सही ठोकून चौदावी ओळही भरून टाकली होती. "सुखलाल, सातचा पाढा!" सुखलाल उठला, म्हणून बसला. "झामसिंग, हा धडा वाच बेटा." झामसिंगनं खणखणीत वाचलं. समितीच्या प्रमुख तिर्की मॅडम कौतुकानं मान हलवायला लागल्या. गुरुजी रंगात आले. एकेका पोराकडे बोट करून नावं घेत तेराव्यापर्यंत पोचले. श्यामकलीच्या हातातले मसूर थांबले.

"फागूराम, तू सांग. आपल्या राज्याची राजधानी?"

चौदाव्या जागेवरचा मुलगा उठला. "मी जगतू, गुरुजी."

"हो, हो, जगतू. मग फागूराम कुठाय? आज दांडी मारली वाटतं?" गुरुजी मॅडमकडे बघून हसले. "काल तर होता!"

मुलींच्या रांगेतून फागूची बहीण समली उभी राहिली.

"तो मेला गुरुजी," ती म्हणाली. "लई दिवस झाले."

तिर्की मॅडमनी हजेरीपुस्तक मागून घेतलं. फागूराम मरावी, बुधवारी हजर. मंगळवारी हजर. मॅडम पानं मागे उलटत गेल्या, फागू सगळीकडे हजर होता. मग त्यांनी पंधराव्या जागेकडे बोट केलं, सोळाव्या जागेकडे केलं, "यांची नावं सांगा". फागूपासून पुढची पाठ केलेली यादी एका जागेनं सरकली होती; गुरुजींनी जी नावं घेतली ती सगळी शेजाऱ्यांची निघाली. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला.

"बाळांनो, तुम्हाला रोज शिकवतं कोण?" मॅडमनी विचारलं.

"दीदी!" चाळीसच्या चाळीस पोरं ओरडली.

श्यामकली पदराला हात पुसत पुढे आली. तिर्की मॅडम काही तिच्यावर खूश नव्हत्या. "नेमणूक नसताना सरकारी शाळेत शिकवणं गुन्हा आहे, माहीत आहे ना? अहवालात तुझंही नाव येईल."

"येऊ द्या मॅडम. पूर्ण लिहा. श्यामकली परस्ते, वडील बिसाहू परस्ते. आठ वर्षांपूर्वीच्या जुलैपासून. रोज."

गुरुजींनी तिला दाराआड ओढलं. "अगं, कालपासूनच येतेय म्हण! दाखला देतो. आत्ता देतो, शिक्क्यासकट, आठ काय दहा वर्षांचा देतो!" त्यांनी खिशातलं पेनही काढलं. जून महिन्यात ज्यासाठी ती दुकानात उभी राहिली होती, तो कागद आता स्वतःहून पाया पडत होता.

"तुमच्या दाखल्याला आता कोण विचारतो, गुरुजी?" ती म्हणाली, आणि मॅडमनी लिहून घेतलेल्या जबानीवर सही करायला गेली. सही तिनं सावकाश केली. इतकं गोड काही त्या जलेबीतही नव्हतं.

गुरुजी निलंबित झाले. पुढच्या जूनमध्ये कुकरीटोल्यासाठीच अतिथी शिक्षकाची जागा निघाली. अमरघाटच्या कचेरीत श्यामकलीनं अर्जाला चौकशी अहवालाची शिक्क्याची नक्कल जोडली. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तिनं ती मिळवली होती.

कारकून मिश्राजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, हा अनुभव नाही, हा तुमच्यावरचा ठपका आहे."

"वाचा तर. किती वर्षं शिकवलं असं लिहिलंय?"

"आठ."

"खाली सही कुणाची?"

"जिल्ह्याची."

"तुमच्या यादीतल्या दुसऱ्या कुणाचं शिकवणं चौकशी करून सिद्ध झालंय का, मिश्राजी? असेल तर त्याला माझ्या आधी घ्या."

मिश्राजी कागद घेऊन साहेबांकडे गेले. बराच वेळ गेला. परत आले ते हसू दाबत, आणि अनुभवाच्या रकान्यात आठ लिहिलं. "पहिल्या नंबरवर आलात. जुलैपासून दहा हजार. पेढे?"

"गुरुजींचं काय चाललंय?" तिनं विचारलं.

"मजेत आहेत की. दुकान जोरात. शिवाय निलंबनात अर्धा पगार घरबसल्या मिळतो, सव्वीस हजार."

श्यामकलीनं मनातल्या मनात हिशोब केला. ती पाच वर्ग शिकवून दहा घेणार होती, आणि तो न शिकवल्याबद्दल सव्वीस. तिनं समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"मिश्राजी, एक कोरा कागद द्या. पेन पण द्या."

"आता काय?"

"फागूच्या नावावर दोन वर्षं धान्य आलंय," ती म्हणाली. "ते कुणी खाल्लं, हे अजून कुणी विचारलेलंच नाही." आणि तिनं कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घातली.