डाव्या बाजूचा पत्रा

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या चोऱ्या ठाऊक आहेत. लपून ओढलेल्या विड्या, तमाशाला जाऊन कीर्तनाला गेलो म्हणून मारलेल्या थापा, सगळ्या. ही एक सोडून. ही तिला ठाऊक नाही, पोरांना नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवी होती तो आता ऐकायला नाही. तुम्हाला सांगतोय. का? तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून असेल. भित्र्या माणसाला अनोळखी माणूस बरा वाटतो.

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिसत नाही तसा. कोरेगावात माझं गॅरेज होतं, हात कोपरापर्यंत काळे, आवाज मोठा. लोक म्हणायचे, याला कशाची भीती? पण भीती काय कपाळावर लिहिलेली असते?

हणमंतदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी थोरला. फौजेत ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईत उजव्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला. पाय वाचला, पण तळवा बधिर झाला — चप्पल निघून पडली तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला नालायक ठरवून घरी पाठवला. तो शब्द दादाला गोळीपेक्षा जास्त लागला होता. पेन्शन घेऊन पारावर बसला असता, तर मी आज हे सांगत नसतो. पण दादाला दाखवून द्यायचं होतं. गावाला, डॉक्टरांना, सगळ्यात जास्त स्वतःच्या पायाला.

म्हणून त्यानं लष्कराच्या लिलावातून एक जुनी पिकअप उचलली. पुढं दोघांची जागा, मागं उघडा हौदा. गाडी कसली, सांगाडाच. बैलांनी ओढत गॅरेजात आणली तेव्हा लोक हसले. आम्ही दोघांनी पावसाळाभर तिच्यावर जीव काढला. इंजिन मी खोललं. पायाखालचा पत्रा गंजून चाळण झाला होता, तो कापून नवा ठोकला, आणि दादानं स्वतः त्याला हिरवा रंग दिला. दोन हात. सुकेपर्यंत कुणाला चढू दिलं नाही. तसा आनंदी मी त्याला त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

दसऱ्याला गाडीनं शीव ओलांडायची, असं त्यानं ठरवलं होतं. सीमोल्लंघन. फौजी माणूस — त्याला तो मुहूर्त जीवापाड. आणि आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजायला मांडली, की दसऱ्याची पूजा उठेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. म्हणजे काम त्याच्या आत संपायला हवं. संपतही आलं होतं. ब्रेकमध्ये तेल भरून हवा काढायची, एवढंच उरलेलं. बायको हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी, पाने-हातोडे धुऊन पाटावर मांडायचे राहिलेले, आणि घाईत माझ्याच पायानं ब्रेक ऑइलचा डबा लवंडला.

मातीनं तेल पिऊन टाकलं. तळाशी चार बोटं उरलं. दुकानं बंद. दादा बाहेर झेंडूच्या माळा ओवत होता. मी — मी इंजिनचं तेल घेतलं आणि वरून ओतलं. तेल ते तेल. पेडल कडक आलं. हत्यारं पाटावर ठेवली, नमस्कार केला. देवासमोर हात जोडताना तेलाचाच वास येत होता.

दुसऱ्या दिवशी गाडीनं शीव ओलांडली. आपट्याची पानं वाटताना दादानं मला मिठी मारली आणि म्हणाला, “गड्या, तू हाईस म्हणून म्या हाय.”

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाकडूनही होते. पुढचं ऐका.

चार दिवसांनी मी सुट्या भागांसाठी सांगलीला गेलो. तिथं माझे उस्ताद होते, ज्यांच्याकडं मी काम शिकलो. बोलता बोलता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं, मी विचारलं — ब्रेकमध्ये इंजिनचं तेल गेलं तर? त्यांनी पाना खाली ठेवला. “आतली रबरं फुगत्यात रं. आज धरंल, उद्या धरंल, आन् एक दिवस पेडल मोकळंच खाली जाईल. कुणी केलं ह्ये?”

मी म्हणालो, हाय एक येडा.

तिथूनच नवी रबरं घेतली. कागदात गुंडाळून खिशात ठेवली. एसटीत बसल्यावर सारखा हात खिशाकडं जायचा. गावात उतरल्या उतरल्या दादाला सांगायचं, गाडी उभी करायची — साधी गोष्ट. पण तो पारावर लोकांना सांगत होता, माझ्या भावानं गाडीत जीव घातला. त्या लोकांसमोर कसं बोलू? म्हटलं, उद्या गुपचूप बदलून टाकू. उद्या तो घेवड्याची पोती घेऊन साताऱ्याला. परवाही. मी गॅरेजात कान देऊन बसायचो. वळणावर त्याचा हॉर्न वाजला की श्वास सुटायचा, आणि तो आत आला की तोंड उघडायचं नाही. सहा दिवस असे गेले. जेवण गेलं, झोप गेली.

सातव्या दिवशी वहिनीही त्याच्याबरोबर गेली, साताऱ्याहून बांगड्या भरून घ्यायला. ती गाडीत चढताना मी समोर उभा होतो. रबरं खिशात होती. मी हात वर करून निरोप दिला.

परतताना माहुलीच्या पुलाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर पुढं बाजारच्या बायका चालल्या होत्या. दादानं ब्रेक दाबला. पायाखाली काहीच लागलं नाही. त्यानं गाडी कडेच्या खडीच्या ढिगात घातली म्हणून त्या बायका वाचल्या. वहिनीचा उजवा कोपर मोडला. सगळ्या बांगड्या फुटल्या.

दोघं सिव्हिलमध्ये होते तेव्हा गाडी ट्रॅक्टरनं ओढून माझ्याकडं आणली. मी दार लावून घेतलं. खिशातली रबरं काढली आणि बसवली. जुनी भोपळ्यासारखी फुगलेली होती. ती भट्टीत टाकली. सगळं तेल काढलं, धुतलं, नवं भरलं. दारावर कुणाची थाप पडली की दिवा विझवून बसायचो.

सकाळी दादा आला. मागं पाच-सात माणसं. त्यानं मला एवढंच विचारलं, “ब्रेकमदी काय निघालं?”

आणि मी म्हणालो, “ब्रेकमदी काय न्हाई, दादा. दाबून बगा.”

तो आत बसला. पेडल दाबलं. कडक. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वाकून हातानं दाबलं. मग खाली उतरला आणि स्वतःच्या पायाकडं बघत राहिला. “मंग पायच माजा,” म्हणाला. “पाय पडलाच न्हाई पेडलावर. डाक्टर खरं बोलत हुता.” किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. मी घेतली. हो, घेतली.

त्यानंतर त्यानं कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी मी चालवायचो, तो डावीकडं बसायचा. वहिनीचा हात पुन्हा सरळ झाला नाही. तिला भाकरी थापता येईना. मग दादा थापायला शिकला. गावानं त्याला काय काय नावं ठेवली! तो म्हणायचा, “माज्या पायानं तिचा हात खाल्ला, आता माजं हात तिचं.” त्याच्या हातची भाकरी मी कितीदा खाल्ली आहे. मऊ असायची. वहिनी डाव्या हातानं मला वाढायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हिला कळलंय, आता बोलेल. ती कधीच बोलली नाही. तिला कळलेलंच नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

पुढं काही वर्षांनी आष्ट्याचा एक माणूस गाडी विकत घ्यायला आला. जाणता होता, सगळं बारकाईनं पाहिलं. दादा ओट्यावरून बघत होता. त्या माणसानं डावीकडचं दार उघडलं, वाकला, आणि विचारलं — इथं तर पेडल नाही, मग इथलाच पत्रा एवढा का झिजलाय?

हिरव्या रंगात टाचेएवढा पांढरा डाग पडला होता. उतार आला की दादा तिथं उजवा पाय दाबून धरायचा. प्रत्येक उताराला. मी शेजारी बसून बघायचो.

मी त्या माणसाला म्हणालो, ठाऊक नाही.

दादा ऐकत होता. त्यानं पाय हळूच धोतराखाली ओढून घेतला.

तो पाय बधिर होता, पण चुकला नव्हता. त्या दिवशी तो बरोबर पेडलवरच पडला होता.