कॅमेऱ्यात आई बरी दिसायची

आईच्या घरी कॅमेरा बसवायची कल्पना माझी. नवरा नको म्हणाला होता, सासूबाई नको म्हणाल्या होत्या, आणि आई तर शिडीवर चढलेल्या माणसाकडे चोराकडे बघावं तशी बघत बसली होती. पण मी एकदा मनावर घेतलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. वडील गेल्यापासून आई जळगावजवळच्या असोद्यात एकटी, मी धुळ्याला देवपुरात, आणि तिला दुसरं मूल नाही. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की ठरलेलं उत्तर, "लेकीच्या घरी कायमचं ऱ्हातात का कोनी? लोकं काय म्हनतीन?" आली तरी तिसऱ्या दिवशी पिशवी भरून तयार. शेवटी मीही हट्टाला पेटले. तू येत नाहीस ना, मग मी तुला तिथंच बघते.

ओसरीच्या कोपऱ्यात, अंगणाकडे तोंड करून कॅमेरा लागला. मोबाइलवर अंगण दिसायचं आणि बोलताही यायचं. शाळेत शिकवायला जाण्याआधी, डबे भरता भरता मी मोबाइल ओट्यावर टेकवून ठेवायचे. आई उन्हात खाटेवर बसलेली असायची. डोक्याला रुमाल बांध, गोळी घेतली का, माझं सुरू. एकदा अंगणातला कढीपत्ता पार पांढुरका दिसला, तर मी तिला फैलावर घेतलं, "आई, झाड वाळलं, पाणी घालत जा की!"

"हिरवंगार हाये. तुह्याच डोयाले काही झालं."

त्यावरून आम्ही दहा मिनिटं भांडलो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मला मात्र तेव्हा वाटायचं, मी आईची किती काळजी घेते.

थंडी पडली तशी आई मंदावली. उठताना खाटेला धरायची, जेवण जात नाही म्हणायची. पण चेहरा असा गुलाबी आणि तुकतुकीत की दहा वर्षांनी लहान वाटावी. मी तसं तिला सांगायचे. मग तीच विचारायला लागली, "आज कशी दिसते मी?" मला हसू यायचं. जन्मात कधी पावडर न लावलेली बाई, आणि आता ही हौस! "गुलाबी दिसतेस, आई. कालच्यापेक्षा छान," असं मी रोज म्हणायचे. ती मान हलवायची आणि आत जायची.

एके दिवशी तिच्या गळ्यात बारीक काड्यांची पांढरट माळ दिसली. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, देवाची. चार दिवसांनी तीच माळ पोटापर्यंत आलेली दिसली. दोरा सैल झाला असेल, असं मला वाटलं. खरंच, एवढंच वाटलं.

मग शेजारच्या अक्कांचा फोन आला. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, वयानं आईपेक्षा मोठ्या.

"पोरी, तुह्या मायचे डोये हयदीसारखे पिवये झाले. दवाखान्यात चाल म्हनतो त आमचं ऐकत नाही. तू ये."

"अक्का, मी रोज बघते तिला. चेहरा चांगला गुलाबी आहे."

दोन दिवसांनी पुन्हा त्यांचा फोन. या वेळी मी जरा तोडूनच बोलले. शेजारी बसून लसूण सोलणाऱ्या सासूबाईंनी सगळं ऐकलं. त्या सोनगीरच्या, बोलणं अहिराणी आणि एक घाव दोन तुकडे. "त्या डब्बाम्हा काय देखस? जाय, डोयाघाई देखी ये." स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये म्हणे! पेपर तपासायचे आहेत, रविवारी जाते, असं मी म्हणाले. माझा अहंकार होता तो, दुसरं काही नव्हतं. माझ्या आईकडे माझं लक्ष नाही, असं कोणी सुचवलेलं मला खपत नव्हतं.

गुरुवारी सकाळी कॅमेरा उघडला तर समोर अक्काच उभ्या. थेट वर, माझ्याकडे बघत.

"आइकू येतं का? सांग मले, माह्या आंगावर कोनत्या रंगाची शाल हाये?"

"जांभळी."

"काळीकुट्ट हाये व माय! हातच्या काकनाले आरसा कायले पाह्यजे? उठ आन ये."

तरीही मी आधी कॅमेरा बसवणाऱ्या माणसाला फोन केला. अजून वाटत होतं, तो म्हणेल, छे, म्हातारीचंच काहीतरी चुकतंय. तो आरामात म्हणाला, "फिल्टर अडकला असेल, मॅडम. लेन्सच्या आत काचेची बारीक चकती असते. अंधारात ती बाजूला सरकते, उजाडलं की परत जागेवर यायला पाहिजे. नाही आली तर डोळ्याला न दिसणारा उजेडही आत शिरतो आणि रंग बिघडतात. काळं जांभळं दिसतं, झाडाची पानं पांढरी, माणसं गुलाबी. किती दिवसांपासून असं दिसतंय?"

मी फोन ठेवून दिला.

पारोळा, एरंडोल, बस प्रत्येक थांब्यावर उभी राहत होती आणि मी कंडक्टरवर खेकसत होते. मधेमधे मोबाइल उघडत होते. आई खाटेवर बसलेली, गुलाबी. ते सगळं खोटं आहे हे आता माहीत होतं, तरी बघून जरा बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याचीच मला किळस येत होती. पंढरपूर, शेगाव, सगळ्यांना नवस बोलून झाले. शेजारची बाई पाण्याची बाटली पुढं करून म्हणाली, ताई, रडू नका.

अंगणात पाऊल टाकलं. कढीपत्ता हिरवागार होता. आई पिवळी होती. डोळे, तळहात, नखं, सगळी पिवळी, आणि गळ्यातली माळ काविळीची. गावात ती डोक्यावर ठेवतात, लांबत खाली आली की कावीळ उतरली म्हणतात. "आज कशी काय आली? पेपर झाले का?" तिनं विचारलं.

अक्कांच्या मुलाच्या गाडीतून तिला जळगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पिवळेपणा कधीपासून आहे?" रोज तिला बघणारी मी, मागं उभ्या अक्कांकडे वळले. अक्का म्हणाल्या, अठरा दिवस झाले.

पित्ताच्या नळीत खडा अडकून आत पू झाला होता. चौथ्या दिवशी आई गेली.

त्याआधी, दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती चांगली शुद्धीत होती, आणि मी तेव्हाही तिच्यावर चिडलेच. कोणावर तरी चिडल्याशिवाय मला भीती सहनच होत नाही. "माळ घालून बसलीस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? अक्का एवढं सांगत होत्या, दवाखान्यात का गेली नाहीस?"

ती आश्चर्यानं म्हणाली,

"मोतीबिंदूनं मले आरशात धड दिसत नाही. अक्का म्हने पिवयी, तू म्हने गुलाबी. अक्काले कमी दिसतं, तू शिकेल हाये. मी तुले रोज इचारे, तू रोज सांगे, कालच्यापेक्षा छान. मले वाटलं, उतरू ऱ्हायली कावीय."

अक्कांच्या मुलानं त्या अठरा दिवसांत दोनदा गाडी आमच्या दाराशी आणून उभी केली होती. दोन्ही वेळा आईनं, माझ्या लेकीनं आजच पाहिलंय मला, असं सांगून ती परत पाठवली.