शाळेची सूनबाई

लेकीच्या शाळेनं विश्वस्त मंडळात पालकांतलं एक माणूस घ्यायचं ठरवलं, तेव्हा मीच हात वर केला. पगार नाही, भत्ता नाही, वर ऑफिसातल्या रजा जाणार, तरी केला. शाळेचं मैदान मोडून तिथं मंगल कार्यालय बांधायचं घाटत होतं आणि त्याच मैदानावर माझी लेक फुटबॉल खेळायची. मुलींच्या संघाची गोलकीपर होती ती. कोल्हापुरात पोरांसाठी तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत. आमच्या पोरींना हे एवढं एक मैदान होतं.

पहिल्या बैठकीला मी पदर खोचूनच गेले. शाळेला दुसरं मैदान नाही, लग्नसराईत पोरींनी बँड ऐकत गणितं सोडवायची का, सगळं मनात घोकलं होतं. पण अध्यक्षांनी आधी विचारलं, "म्हायेर कुठलं तुमचं?"

"गडहिंग्लज."

"आणि सासर?"

सासर सांगितलं आणि तिथंच घात झाला. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी नातं शोधतात, ते सापडल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. माझ्या सासऱ्यांची आत्या मुरगूडला दिलेली, ती अध्यक्षांच्या चुलत घरातच निघाली. त्यांचा चेहरा फुलला. "मग ही आपली सूनबाईच की!" सगळे हसले. मीही हसले. ओळख निघाली, आता काम सोपं, असं वाटलं मला. कसली खुळी मी.

मैदानाचा विषय निघाला तशी मी उठले आणि म्हटलं, "माझा विरोध आहे."

"बसा सूनबाई," अध्यक्ष अगदी मायेनं म्हणाले. "घरातली माणसं रुसत्यात, विरोध करत न्हाईत. तुमचं बी बघू की."

कुणी अंगावर ओरडलं असतं तर मी दुप्पट ओरडले असते, ते मला चांगलं जमतं. या मायेपुढं काय करायचं ते कळेना. ठराव एकमतानं मंजूर झाला. माझा विरोध नोंदवा असं मी म्हटलं, तर शेजारचे विश्वस्त समजुतीनं म्हणाले, "अवो, घरातलं हाय न्हवं हे?" संध्याकाळी सासूबाईंना फोन गेला, सुनेला जरा समजावा म्हणून. त्यानंतर घरीही माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही.

भूमिपूजनाला कुदळीला हळदकुंकू लावायचा मान मला दिला होता. मी पुढं गेले नाही, मुद्दाम मागं पालकांच्यात उभी राहिले. एवढं तरी माझ्या हातात होतं. गोलपोस्ट उपटून कुंपणाला टेकवून ठेवले होते आणि संघातल्या मुली गणवेशात ओळीनं उभ्या होत्या.

"सूनबाई लाजत्यात," अध्यक्ष माइकवरून म्हणाले. "मग आमच्या नातीच्या हातनं नारळ फुटू दे."

लेक ओळीतून पुढं गेली. नारळ हातात घेतल्यावर तिनं गर्दीत मला शोधलं. मी मान हलवून नको म्हटलं. ते तिनं पाहिलं, नक्की पाहिलं. मग ती वाकली आणि तिनं नारळ फोडला. टाळ्या वाजल्या.

घरी येताना मी तिला विचारलं, मी नको म्हणत असताना का फोडलास?

"आई," ती म्हणाली, "तुझं तरी कुणी ऐकलं का?"