पहिल्या वेच्याची गादी

बाभुळगावच्या वामनरावांना साखर नव्हती, बीपी नव्हता, गुडघेही ठणठणीत होते. आजार होता तो एकच. दुसऱ्याचं बरं दिसलं की यांच्या छातीत जळायचं. धाकट्या भावाची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत दुसरी आली, तर वामनराव दोन दिवस जेवले नाहीत. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा बाजूच्या खाटेवरच्या माणसाला दोन सलाईन लागल्या आणि यांना एकच, तर हे नर्सबाईवर चढले, "आमी का कमी बिमार हावो काय?"

त्यांची बायको कोकिळाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "या माणसाच्या छातीवर भाकर टाका. चुलीची गरज नाई."

पण या साऱ्या किरकोळ जळण्या. खरी जळण त्यांना पासष्टाव्या वर्षी लागली, आणि तीही पाच वर्षांच्या नातवापायी.

नातवाचं नाव प्रेम. मुलगा कपिल आणि सून निकिता यांचं पहिलं लेकरू. ते जन्मलं त्या दिवशी वामनरावांनी पेढे तर वाटलेच, पण मनात एक बेतही पक्का करून टाकला. पोट्टं बोट धरून वावरात येईल, बांधावर मांडीत बसेल, आपण सांगू अन् ते ऐकेल. वामनरावांच्या गोष्टी ऐकायला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

प्रेम तीन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलला नाही. नावानं हाक मारली तर वळायचा नाही. कुकरची शिटी झाली की कान दाबून अंगणात पळायचा आणि पाण्याच्या टाकीच्या ओल्या भिंतीला गाल लावून उभा राहायचा. वामनराव आबाजींनी उचलून मांडीवर घेतलं की अंग लाकडासारखं ताठ करायचा आणि सुळकन खाली उतरायचा. वामनराव टाळ्या वाजवत, शिट्ट्या मारत, दोन्ही हात पसरून "ये रे माह्या राजा, ये आबाजीजवळ" करत बसायचे. राजा टाकीकडे जायचा.

"उशिरा बोलन," वामनराव सर्वांना सांगायचे. "माह्या मामाचं पोट्टं सात वर्षं मुकं होतं. मंग असं बोललं का सरपंच झालं!"

कोकिळाबाईनं मीठमिरच्या ओवाळल्या. यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरनं कान तपासले, ते चांगले निघाले. शेवटी अंगणवाडीच्या ताईनं निकिताला सरळ सांगितलं, सरकारी दवाखान्यात लहान मुलांची एक खोली आहे, तिथं न्या. दोन खेपा नुसतं विचारणं आणि प्रेमला खेळवून पाहणं झालं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी निकिताला समोर बसवून सांगितलं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. हा रोग नव्हे, कोणाची चूकही नव्हे. त्याच्या मेंदूची रीत वेगळी आहे. औषधानं जाणार नाही, पण शिकवलं तर त्याला बरंच येईल, आणि घरच्यांना त्याच्याकडून शिकावं लागेल.

निकिता कागद हातात धरून बाहेरच्या बाकावर येऊन बसली. सोबत आलेले वामनराव तेव्हा खिडकीपाशी भांडत होते, की आमच्या मागून आलेलं लेकरू आधी आत कसं गेलं. भांडून परतले तर सुनेच्या बाजूला एक माणूस बसलेला. मेंदी लावलेली दाढी, शर्टावर कापसाचे तंतू. वामनरावांनी ओळखलं. आपल्याच बाभुळगावचा इकबाल गादीवाला.

"बेटी, कागद घडी करून पर्समधी ठेव," इकबाल सांगत होता. "आज वाचू नको. पोराले भूक लागली असन, आधी त्याले खाऊ घाल. तूही काही खाय."

आणि निकिता रडायला लागली. दोन वर्षांत सासऱ्यापुढे जे एक अक्षर काढलं नव्हतं ते सारं तिनं त्या गादीवाल्यापुढे काढलं. रात्री झोप येत नाही, माहेरचे मलाच दोष देतात, हा कधी आई म्हणेल का. वामनराव उभेच. तिथंच पहिली ठिणगी पडली.

इकबालची गोष्ट अशी. त्याची मुलगी जिया आज बावीस वर्षांची, तीही प्रेमसारखीच. ती लहान होती तेव्हा गावात या गोष्टीला नावसुद्धा नव्हतं. कोणी वेडी म्हणे, कोणी जिन लागला म्हणे. इकबाल आणि त्याची बायको जुबैदा तिला घेऊन नागपुरापर्यंत फिरले. सांगणारं कोणी नाही, बाजूला बसणारंही नाही. म्हणून आता दर मंगळवारी इकबाल दुपारपर्यंत दुकान बंद ठेवून यवतमाळला त्या बाकावर जाऊन बसतो. नवीन माणूस कागद घेऊन बाहेर आलं तर त्याला एकटं बसावं लागू नये, बस एवढंच.

मग काय, वामनरावांच्या घरात उठताबसता इकबाल. प्रमाणपत्राचा फॉर्म कुठं भरायचा? इकबालचाचा सांगतील. बालवाडीच्या मॅडमशी काय बोलायचं? चाचाला फोन लावा. लग्नाची वरात दारावरून जाणार, प्रेमचं कसं? चाचा म्हणाले, आधीच मागच्या खोलीत घेऊन बसा. कपिलसुद्धा! स्वतःचा पोरगा, बापाला कधी पेरणीचं विचारलं नाही, तो गादीवाल्याला विचारून राहिला होता.

"माणूस चांगला हाये," कोकिळाबाई म्हणाली.

"मी कुठं म्हणतो वाईट हाये? वाईट असता तं बरं नसतं काय?"

एका संध्याकाळी निकिता प्रेमला इकबालच्या दुकानात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी वामनराव समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले आणि दुकानात डोळे लावले.

प्रेम सरळ आत गेला. जमिनीवर एक गादी अंथरलेली होती, तिच्यावर आडवा झाला आणि बाजूची एक लहान, घट्ट गादी त्यानं स्वतःच अंगावर ओढली. डोकं तेवढं बाहेर. इकबाल शेजारी उकिडवा बसला आणि दोन्ही तळव्यांनी वरून दाबत गेला, खांद्यापासून पायापर्यंत, हळूहळू. मग थांबला. तोंडानं शब्द नाही.

गादीखालून एक लहानसा हात बाहेर आला. त्यानं इकबालचा हात मनगटापाशी धरला आणि परत गादीवर ठेवला. प्रेमनं इकबालच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. पण हात ठेवला. अजून दाब, म्हणून. आणि गालातल्या गालात हसला.

वामनरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. पाच वर्षं हे हात पसरून बसले होते. तो हात यांच्याकडे एकदाही आला नव्हता.

रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांना उमगलं. सारी करामत गादीत आहे! आणि गादी कशाची, कापसाची. कापूस कोणाचा चांगला? अख्ख्या बाभुळगावात विचारा. त्यांच्या वावरात नुकतीच सीतादही झाली होती. पहिल्या वेच्याच्या आधी कपाशीपाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवून पूजा होते, ती. त्या पूजेनंतर वेचलेला पहिला कापूस, दुधाच्या सायीसारखा, त्यांनी वेगळा ठेवला होता. तो त्यांनी सरकी काढून, पोत्यात भरून गादीसाठी नेला. कुठं? तर पार लांब पुसदला!

"गावातच गादीवाला हाये," कोकिळाबाई म्हणाली. "पुसदले काहून जाऊन राह्यले?"

"पुसदची पिंजाई चांगली असते."

"पुसदची पिंजाई नाई, तुमची पिंजाई होऊन राह्यली."

गादी आली. काय गादी! हात ठेवला की कोपरापर्यंत बुडावा. वामनरावांनी ती ओसरीत अंथरली, घरच्यांना बोलावून उभं केलं आणि प्रेमला स्वतःच्या हातानं उचलून अलगद मधोमध ठेवलं. "घे राजा! आबाजीच्या वावरातली!"

प्रेम कमरेपर्यंत आत गेला. खाली आधार नाही, दोन्ही बाजूंनी मऊ मऊ काहीतरी अंगावर येतंय. तो जो किंचाळला! हातपाय झाडू लागला. वामनराव धरायला वाकले तर त्यांच्या मनगटाला कडकडून चावला, निसटला आणि टाकीच्या भिंतीला जाऊन चिकटला. निकिता गेली आणि त्याच्यापासून दोन हात दूर, न बोलता बसून राहिली.

कपिल बापाला कधी उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलला, "बाबा, हे त्याच्यासाठी केलं का इकबालचाचासाठी?"

वामनरावांनी मनगट चोळलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते गादी गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती गादी ऑटोत घालून ते इकबालच्या दुकानी हजर. "सांग. काय घालतं तू त्या गादीत?"

इकबालनं गादीत पंजा दाबला. "बाप रे! वामनभाऊ, असा कापूस तं मी नवरीच्या गादीत बी नाई पाह्यला."

"मंग पोट्टं काहून रडलं?"

"बुडून राह्यलं ते. त्याले मऊ नाई पाह्यजे, त्याले भक्कम पाह्यजे. माह्या गादीत काय हाये? जुना, दबलेला कापूस, ठासून भरलेला. अन् हे बी माहं डोकं नाई, दवाखान्यातल्या बाईनं सांगतलं. काही लेकरांना वजन बरं वाटते. डोकं बाहेर पाह्यजे, त्याच्या मनानं आत गेला पाह्यजे, त्याच्या मनानं बाहेर आला पाह्यजे. साऱ्यांनाच चालते असं बी नाई. आमची जिया तं अंगावर दुपट्टा टाकला तरी फेकून देते."

जिया कोपऱ्यात बसून रजईला टाके घालत होती. तिनं मान वर केली नाही.

 मग दवाखान्यातल्या त्या मंगळवारापासून वामनरावांच्या छातीत जे होतं ते बाहेर पडलं. "ते तुह्याजवळ काहून येते बे? मी त्याचा आजा हावो!"

"मी त्याले बोलवत नाई, म्हणून येते," इकबाल म्हणाला. "बसा. अन् असे पाहू नका माह्याकडे. तुमी टपरीवर बसून जे पाहून राह्यलते ना, ते मी अडीच वर्षं पाह्यलं. जिया लहान असतानी त्या रिजवान टेलरच्या मशिनीपाशी बसे. दिवसभर! माह्याजवळ एक मिनिट नाई. मी असा जळलो वामनभाऊ, का तिले तिथं जाणंच बंद केलं. बावीस दिवस पोरगी धड जेवली नाई. जुबैदा म्हणे, तुमी बाप हाये का सवत? मंग मीच तिले घेऊन गेलतो अन् रिजवानले म्हटलं, भाऊ, मले शिकव, तू काय करतं. तो म्हणे, मी काहीच नाई करत, मी तं मशीन चालवतो."

वामनरावांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत अडवलं.

इतक्यात जिया उठली. पुसदच्या गादीजवळ आली, टाक्यांवरून बोट फिरवलं, म्हणाली, "दूर दूर हाये." आणि कात्री घेऊन शिवण उसवायला लागली.

"अवं पोरी! अवं, पहिला वेचा हाये तो!"

"आता ती थांबत नाई," इकबाल म्हणाला.

दुकानभर पांढरं शुभ्र झालं. वामनरावांच्या डोळ्यांदेखत त्यांचा कापूस दुसऱ्या कोणाच्यातरी जुन्या, पिवळट कापसात मिसळला, काठीनं दाबला गेला आणि एका लहानशा खोळीत ठासला गेला. जियानं बोटबोटभर अंतरावर टाके घातले. सारा कापूस काही त्यात मावला नाही.

"उरल्याची तुमाले उशी करून देतो," इकबाल म्हणाला. "झोप येत नसन तुमाले."

आणि जाताना त्यानं सांगितलं. गादी ठेवायची, बाजूला बसायचं, हाक मारायची नाही, टाळ्या नाहीत, उचलणं नाही. हातांना काम द्यायचं आणि तोंडाला सुट्टी.

हे तर फाशीच. वामनराव आणि गप्प! पहिल्या दिवशी तासाभरानं त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई शेजारच्या बाईला सांगून आली, "आमच्या घरी मौनीबाबा आला हाये, दर्शन घ्या." प्रेम गादीजवळ यायचा, एकदा वास घ्यायचा, जायचा. चौथ्या दिवशी तिच्याखाली शिरला आणि लगेच बाहेर. वामनराव तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसायचे. त्या आठवड्यात घरात सोले भाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांची, रोज. कपिल म्हणाला, "बाबा, पुरे करा, नाहीतर पेरायला काही राहणार नाही."

बाराव्या दिवशी दुपारी प्रेम आला, आडवा झाला, गादी अंगावर ओढून घेतली. वामनराव शेंगा सोलत राहिले. एक शेंग. दुसरी शेंग. तिसरी हातात असताना मनगटाला, चावल्याचा व्रण अजून होता त्याच जागी, पाच गरम बोटं लागली. त्या बोटांनी त्यांचा हात शेंगांमधून उचलला आणि गादीवर ठेवला. प्रेम छताकडे पाहत होता.

वामनरावांनी दाबलं. खांद्यापासून पायापर्यंत, इकबालनं दाबलं होतं तसंच, हळूहळू. थांबले. हात पुन्हा आला. नाक वाहायला लागलं तरी पुसलं नाही, कारण हात रिकामा नव्हता आणि रिकामा करायची त्यांची इच्छाही नव्हती. साऱ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटत होतं. दात आवळून बसून राहिले.

प्रेम उठून गेल्यावर त्यांनी अंगणात जाऊन फोन लावला.

"इकबालभाई! सात वेळा! सात वेळा हात धरला त्यानं माहा!"

पलीकडून इकबालचा आवाज आला, "सात? माह्याजवळ तं पाचच्या वर कधी गेला नाई."

वामनरावांनी फोन ठेवला आणि त्या रात्री नवीन उशीवर असे घोरले की कोकिळाबाई दुसऱ्या खोलीत झोपायला गेली.

पुढच्या सोमवारी ते वावरातून लवकर परतले. ओसरीत प्रेम गादीखाली आणि बाजूला कोकिळाबाई. पोट्ट्यानं तिचा हात धरला होता. तिनं दाबलं. त्यानं पुन्हा धरला. वामनराव दारातच उभे राहिले. छातीत ते जुनं, ओळखीचं, पेटायला लागलं.

"किती वेळा झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नऊ," कोकिळाबाई कुजबुजली. "अन् सरका दारातून. हवा अडून राह्यली."